ऑस्ट्रेलियातल्या माध्यमिक शाळेत नव्याने रुजू होताय? ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी एवढं आधी करा

महाराष्ट्रात काही वर्षं शिकवून ऑस्ट्रेलियात आलेल्या, नोंदणीचे सोपस्कार उरकून नुकत्याच एखाद्या माध्यमिक शाळेत लागलेल्या मराठी शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. मी न्यू साउथ वेल्समध्ये शिकवते, म्हणून पदांची आणि कागदांची नावं तिथली आहेत. राज्य बदललं की नावं बदलतात, काम तेच राहतं.

ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, मुलांना नीट शिकवण्याचं हे काम ऐच्छिक नाही, एवढं सुरुवातीलाच लक्षात घ्या. शिक्षकांच्या राष्ट्रीय मानकांमधली १.४ आणि २.४ ही दोन कलमं याच विषयावर आहेत, आणि पक्क्या नोंदणीसाठी त्यांचे पुरावे मागितले जातात. पुराव्याची फाईल तयार करणं सोपं आहे. अवघड असतो तो मुलांचा भरवसा. त्यांना शाळेबद्दल वाटणाऱ्या अविश्वासाचं मूळ बहुतेकदा त्यांच्या जन्माआधीच्या घटनांत असतं. माझं मत सरळ आहे: तो भरवसा कमवायला पहिली टर्म खर्च झाली तरी चालेल, पण अभ्यासाच्या अपेक्षेत तसूभरही सूट देऊ नका. दयाबुद्धीने काठिण्यपातळी खाली आणणारा शिक्षक मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतो.

पहिलं पाऊल: शाळा कोणाच्या भूमीवर उभी आहे ते शोधा

‘ॲबोरिजिनल’ म्हणजे एक समाज, एक भाषा असं नाही. १७८८ मध्ये इंग्रज उतरले तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. सिडनीतली पॅरामॅटा आणि ब्लॅकटाउन ही उपनगरं धरुग लोकांच्या भूमीवर आहेत, ॲडलेड गौर्ना लोकांच्या, पर्थ वाजक नूंगार लोकांच्या, कॅनबेरा नन्नावल लोकांच्या. टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक आणखी वेगळे, त्यांचा झेंडाही वेगळा. तुमच्या वर्गातला मुलगा मात्र शाळा ज्यांच्या भूमीवर आहे त्यांच्यातलाच असेल असं धरून चालू नका. सिडनीत शिकणारं मूल विराजुरी किंवा गॅमिलराय असू शकतं, आजोळ क्वीन्सलँडमध्ये असू शकतं. ‘तुझे लोक कुठले?’ हा प्रश्न ओळख झाल्यावर सहज विचारता येतो, आणि बहुतेक मुलं आनंदाने सांगतात.

कार्यक्रमांत दोन गोष्टी ऐकाल. ‘वेलकम टू कंट्री’ हे स्वागत त्या भूमीच्या ज्येष्ठांनीच करायचं असतं. ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ कोणीही म्हणू शकतं, तुम्हीसुद्धा. छापील मजकूर घाईघाईने वाचण्यापेक्षा दोनच वाक्यं बोला, पण लोकांच्या नावाचा उच्चार आधी कोणाकडून तरी नीट शिकून घ्या. आपल्या आडनावाची इथे रोज काय गत होते ते आठवलं की याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

‘ॲबोरिजिनी’ हे जुनं नाम आता वापरत नाहीत, ‘ॲबोरिजिनल अँड टॉरस स्ट्रेट आयलंडर’साठी ‘एटीएसआय’ असा आद्याक्षरांचा शॉर्टकटही नको. त्वचेच्या रंगावरून ‘पण तू तसा दिसत नाहीस’ हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. गोरी कातडी आणि निळे डोळे असलेलं मूलही ॲबोरिजिनल असतं. वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता या तीन गोष्टींवर ते ठरतं, आणि ते ठरवणं आपलं काम नाही.

दुसरं पाऊल: आजीला शाळेची भीती का वाटते ते समजून घ्या

हॅरिस पार्कला वडापाव खायला आपण सगळेच जातो. तिथून जवळच, पॅरामॅटामध्ये, गव्हर्नर मक्वारी यांनी १८१४-१५ च्या सुमारास ‘नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ काढली. ॲबोरिजिनल मुलांना आईवडिलांपासून तोडून इंग्रजी वळण लावण्याची ही शाळा. पुढे १८२३ मध्ये ती पश्चिमेला हलवली, आणि त्या वस्तीला पडलेल्या नावावरूनच आजचं ब्लॅकटाउन आलं. आज तिथल्या रस्त्यांवर मराठी सहज कानावर पडतं, पण हा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. याच शाळेतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने १८१९ च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिलं बक्षीस मिळवलं होतं. ती धरुग समाजातली मारिया, पुढे मारिया लॉक या नावाने ओळखली गेलेली, असं मानलं जातं. ‘या मुलांना जमत नाही’ हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकलंत तर ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

पुढचा काळ अधिक वाईट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून काढलं जाई. मुख्याध्यापकाला प्रवेश नाकारण्याची मुभा देणारी तरतूद शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेतून निघाली ती थेट १९७२ मध्ये. त्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुलगी आज साठीत आहे. तुमच्या सातवीतल्या विद्यार्थ्याची आजी ती असू शकते.

त्याच्या जोडीला मुलं काढून नेण्याचं धोरण. १९०९ च्या कायद्याने ॲबोरिजिनल लोकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ‘प्रोटेक्शन बोर्डा’ला अधिकार दिले आणि १९१५ च्या दुरुस्तीने न्यायालयात न जाता मूल उचलण्याची मोकळीक दिली. मुलींना कूटामुंड्राच्या, मुलांना किंचेलाच्या सरकारी संस्थेत पाठवत. हे बोर्ड नाव बदलून १९६९ पर्यंत चाललं. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाचा निष्कर्ष असा की १९१० ते १९७० या काळात दर तिनांपैकी एक ते दर दहांपैकी एक या प्रमाणात ॲबोरिजिनल मुलं घरच्यांपासून तोडली गेली. पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ रोजी. शाळेतून मुलं उचलली गेली, शिक्षकांनी माहिती पुरवली, हे घराघरांत सांगितलं जातं. तेव्हा तुमच्या पहिल्या फोनला समोरून तुटक उत्तर आलं तर मनाला लावून घेऊ नका.

इथे आपल्याच लोकांबद्दल थोडं. गणपतीच्या नाहीतर दिवाळीच्या जेवणावळीत ‘त्यांना सरकार सगळं फुकट देतं’ आणि ‘आपण दोन बॅगा घेऊन आलो, आपलं झालं ना नीट?’ ही दोन वाक्यं हमखास कानावर येतात. आपण पदवी घेऊन, स्वतःच्या मर्जीने, व्हिसा काढून आलो. आपली जमीन, भाषा आणि लेकरं कोणी इथल्या सरकारी फायलीत जमा करून ठेवली नव्हती. ‘आम्हीही इंग्रजांचे गुलाम होतो’ हेही ओळख वाढवायच्या घाईत बोलू नका. इंग्रज भारतातून गेले, इथून गेले नाहीत, आणि आपणही त्यांच्या मागून इथे आलेल्यांतच मोडतो. मैत्री झाल्यावर ॲबोरिजिनल लोक स्वतःच भारताबद्दल विचारतात, तेव्हा भरपूर बोला.

तिसरं पाऊल: पहिल्या आठवड्यात एईओंना भेटा

बऱ्याच सरकारी शाळांत ‘ॲबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसर’ असतात. सगळे त्यांना एईओ म्हणतात. व्हिक्टोरियात हेच काम बऱ्याच अंशी ‘केसो’ करतात, पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘एआयईओ’. ही व्यक्ती कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखते. मुलाचा कोण काका कुठल्या शाळेत आहे, घरी सध्या काय चाललं आहे, कोणता विषय काढायचा नाही, हे तिला माहीत असतं. नव्या शिक्षकांची नेहमीची चूक म्हणजे वर्गात गोंधळ झाला की तेवढ्यापुरतं तिला बोलावणं. पोलिसासारखा वापर झाला की तिचाही मुलांशी असलेला धागा ताणला जातो. काही बिनसण्याआधीच जा. तुमच्या वर्गांची यादी घेऊन जा, चहा घ्या आणि विचारा की या मुलांबद्दल मला काय ठाऊक असायला हवं. त्यातलं काही ती सांगणार नाही. तिने न सांगितलेलं खोदून काढू नका.

शाळेत एईओ नसेल तर परिसरातल्या ‘एईसीजी’च्या बैठकीला जा. ॲबोरिजिनल पालक, ज्येष्ठ आणि शिक्षक यांचा हा सल्लागार गट आहे. पहिल्या बैठकीत बोलायचं काही नसतं. बसा, ऐका, नंतर खुर्च्या उचलायला मदत करा.

तिथे ज्येष्ठांना ‘आंटी’ आणि ‘अंकल’ म्हणतात. आपल्याला हे घरचंच वाटतं, कारण आपण भाजीवाल्यालाही काका म्हणतो. मात्र इथे तो मान आहे, वयावरून आपोआप मिळत नाही. इतर लोक काय म्हणतात ते पाहा, किंवा ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं सरळ विचारा.

चौथं पाऊल: घरी पहिला फोन चांगल्या कारणासाठी करा

टर्मच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तक्रार साठण्याआधी. ‘आज त्याने प्रयोगात फार नेमका प्रश्न विचारला’ एवढंही पुरतं. फोन मावशी, आजी किंवा मोठी बहीण उचलेल. मूल आज इथे आणि पुढच्या महिन्यात मावशीकडे राहत असेल तर त्यात वावगं काही नाही. आपल्याकडेही शिक्षणासाठी मुलं मामाकडे राहतातच. न्यू साउथ वेल्समध्ये शिक्षकांवर बालसंरक्षणाची तक्रार नोंदवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे आणि खरा धोका दिसला तर ती पाळायलाच हवी. पण गरिबी, गर्दीचं घर किंवा नातलगांकडचं वास्तव्य म्हणजे दुर्लक्ष नव्हे. शंका आली तर मुख्याध्यापकांशी बोला. तुमच्या फोनचा अर्थ त्या घरात काय होऊ शकतो, ते वर आलंच आहे.

प्रत्येक ॲबोरिजिनल विद्यार्थ्यासाठी ‘पीएलपी’, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो. विद्यार्थी, घरचे आणि शाळा यांनी एकत्र बसून तो करायचा असतो. कित्येक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा कागद नाव बदलून छापला जातो. ‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘टर्मच्या शेवटी प्रयोगाचा अहवाल निष्कर्षासह स्वतः लिहील, त्यासाठी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं माझ्याकडे येईल’ हे उद्दिष्ट. त्यात मुलाला आवडणारं आणि जमणारं काहीतरी असलंच पाहिजे. बैठक शाळेतच हवी असंही नाही. कार्यालयाऐवजी मैदानाच्या कडेला बाकावर जास्त बोलणं होतं.

सहल, गणवेश, लॅपटॉप यांच्या पैशांचा विषय वर्गासमोर नको. माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी ‘ॲबस्टडी’ ही केंद्राची मदत आहे. फॉर्म किचकट असतो. एईओंना सांगून तो भरून झाला आहे ना, एवढं शांतपणे पाहा.

पाचवं पाऊल: वर्गातलं बोलणं आणि गप्प राहणं

आपल्या शाळांत ‘उभा राहा आणि उत्तर दे’ ही पद्धत. इथे ती महागात पडते. ‘शेम’ हा शब्द मुलांच्या तोंडी सतत ऐकू येईल. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर येणं, एकट्याने वेगळं दिसणं, हे सगळं त्यात येतं. सर्वांसमोर रागावणं तर सोडाच, सर्वांसमोर भरभरून केलेलं कौतुकसुद्धा ‘शेम’ होऊ शकतं. जे सांगायचं ते बाकाशेजारी टेकून, हळू आवाजात, वहीकडे पाहत सांगा.

मूल डोळ्याला डोळा देत नाही म्हणजे उद्धट आहे असं आपल्याला तरी वाटू नये. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला आपल्यालाही शिकवलं होतं. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर ती भरून काढू नका. विचार करायला वेळ घेणं इथे सभ्यपणाचं असतं. आणखी एक धोका: ‘समजलं का?’ ला येणारं ‘हो’. समोरच्याला बरं वाटावं, संभाषण लवकर संपावं म्हणून दिलेला तो होकार असतो. भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी ॲबोरिजिनल इंग्रजीतल्या या सवयीवर बरंच लिहिलं आहे, विशेषतः न्यायालयातल्या साक्षींबाबत. त्यामुळे ‘समजलं का’ विचारूच नका, ‘पुढची पायरी करून दाखव’ म्हणा.

ॲबोरिजिनल इंग्रजी हे चुकीचं इंग्रजी नाही, स्वतःचे नियम असलेली बोली आहे. ‘डेडली’ म्हणजे झकास, ‘गॅमन’ म्हणजे खोटं किंवा थट्टा, ‘मॉब’ म्हणजे आपली माणसं. परीक्षेचं इंग्रजी शिकवायचंच आहे, पण घरच्या बोलीला लाल शाई न लावता. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच्या शिक्षकाने कसं वागवलं होतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. आणि ही बोली तुम्ही स्वतः बोलायला जाऊ नका. मुलं हसतील, आणि ते बरोबरच असेल.

कानांकडे लक्ष द्या. लहानपणी वारंवार मधल्या कानाचा संसर्ग झाल्याने कमी ऐकू येणं ॲबोरिजिनल मुलांत बरंच आढळतं. कान सतत वाहण्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला तातडीचं सार्वजनिक संकट मानते, आणि उत्तरेकडच्या अनेक दुर्गम वस्त्यांत ते त्याहून कितीतरी जास्त आहे. लक्ष न देणारं, सूचना अर्धवट पाळणारं, शेजाऱ्याची वही पाहणारं मूल कदाचित ऐकू येत नसलेलं मूल असतं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, सूचना लिहूनही द्या, पंखा आणि एसीच्या आवाजापासून लांब बसवा, श्रवणचाचणी झाली आहे का ते विचारा.

सहावं पाऊल: विषय शिकवताना

ठिपक्यांची चित्रं काढायला लावणं हा सगळ्यात सोपा आणि बहुधा सगळ्यात चुकीचा मार्ग. आज जगभर दिसणारी ती शैली मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ च्या सुमारास फळकुटांवर आणि कॅनव्हासवर उतरली, आणि त्यातल्या कथा ठरावीक लोकांच्या मालकीच्या असतात. सिडनीतल्या धरुग मुलाला ते ‘तुमचं’ म्हणून देणं म्हणजे कोकणातल्या मुलाला भांगडा नाचायला सांगणं.

आपले बहुतेक लोक गणित-विज्ञानवाले, आणि इथे खजिना आहे. व्हिक्टोरियात बुज बिम इथे गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या खडकात चर खोदून, बांध घालून ईल मासे पाळण्याची व्यवस्था उभारली. ती किमान ६,६०० वर्षं जुनी, आणि २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवाह, उतार, साठवण सगळं त्यात शिकवता येतं. खगोलाच्या धड्याला आकाशगंगेतला एमू घ्या. तो ताऱ्यांनी बनत नाही, ताऱ्यांमधल्या काळ्या पट्ट्यांनी बनतो. त्याचं डोकं दक्षिण क्रॉस या तारकासमूहाजवळच्या काळ्या डागात असतं, आणि महिन्यागणिक बदलणाऱ्या त्याच्या ठेवणीवरून गॅमिलराय लोक एमूच्या विणीचा हंगाम ओळखतात. तंत्रज्ञानासाठी डेव्हिड युनाइपॉन आहेत: न्गारिन्जेरी संशोधक, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या यंत्रात १९०९ मध्ये सुधारणा केली, आज ५० डॉलरच्या नोटेवर आहेत.

मला सर्वांत आवडतं ते वार्लपिरी लोकांचं नातेसंबंधांचं गणित. माणसांचे आठ गट, कोणत्या गटाने कोणत्या गटात लग्न करायचं ते ठरलेलं, आणि आईच्या गटावरून मुलाचा गट निघतो. हे नियम मांडले की मिळणारी रचना म्हणजे चौरसाच्या आठ सममितींचा गणिती ‘ग्रुप’, आपण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकतो तोच. गोत्राचा विचार करून लग्न ठरवणाऱ्या घरांतून आलेल्यांना तो समजायला अवघड जाऊ नये. हुशार अकरावीला हे दिलं तर तास पुरत नाही.

दोन पथ्यं. काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, काही बाहेर सांगायच्या नसतात. म्हणून स्थानिक कथा वापरण्याआधी एईओंना दाखवा. आणि धडा चालू असताना वर्गातल्या एकुलत्या ॲबोरिजिनल मुलाकडे ‘तुझं काय मत?’ म्हणून वळू नका. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणाऱ्या ॲबोरिजिनल मंडळाचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतांनी फेटाळला गेला. त्यावर वर्गात वाद घालताना ते मूल समोर बसलेलं असतं. २६ जानेवारीचंही तसंच: आपल्याला तो प्रजासत्ताक दिन, बहुतेकांना ‘ऑस्ट्रेलिया डे’ची सुट्टी, त्या घरात मात्र आक्रमणाचा दिवस. शाळा त्यानंतर लगेच सुरू होतात. ‘लाँग वीकेंड कसा गेला?’ हा प्रश्न त्या आठवड्यात नाही विचारला तरी चालतं.

सातवं पाऊल: गैरहजेरी

कोणी वारलं की ‘सॉरी बिझनेस’, म्हणजे शोकाचा काळ आणि त्याचे विधी, सुरू होतो. तो एका दिवसाचा नसतो. लांबच्या गावी जावं लागतं, आठवडा सहज जातो, आणि नात्याचं जाळं मोठं असल्याने वर्षात अनेकदा येऊ शकतो. ‘पण ते तुझे सख्खे आजोबा होते का?’ असं विचारू नका. वारलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो दाखवणं अनेक समाजांत टाळतात, म्हणून जुनी चित्रफीत लावण्याआधी सूचना द्या. मूल परत येईल त्या दिवशी काय हुकलं याची यादी हातात ठेवण्यापेक्षा त्यातलं अत्यावश्यक तेवढं निवडून ठेवा. बारावीच्या मूल्यमापनात सवलतीचा अर्ज करता येतो. मुदत उलटण्याआधी तो तुम्हीच काढून द्या.

आठवं पाऊल: दहावीत विषय निवडताना जागे राहा

न्यू साउथ वेल्समध्ये दहावी पूर्ण करावीच लागते आणि सतराव्या वर्षापर्यंत शिक्षण, प्रशिक्षण किंवा नोकरी यांपैकी काहीतरी चालू असावं लागतं. गळती इथेच होते. २०२१ मध्ये २० ते २४ वयोगटातल्या ६८.१ टक्के ॲबोरिजिनल तरुणांनी बारावी किंवा समकक्ष शिक्षण पूर्ण केलेलं होतं. २०३१ पर्यंत ते ९६ टक्क्यांवर नेण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. या मधल्या अंतराचा काही भाग विषय निवडीच्या फॉर्मवर तयार होतो. मुलाला विचारल्याविना त्याला सोप्या गणिताकडे, ‘हाताने काम करण्याच्या’ विषयांकडे ढकललं जातं. क्वीन्सलँडमधल्या चेरबर्गच्या शाळेचे पहिले ॲबोरिजिनल मुख्याध्यापक ख्रिस सारा यांचा सगळा भर यावरच होता: मुलाचं ॲबोरिजिनल असणं आणि त्याचं हुशार असणं यांत निवड करायला लावू नका.

सुतारकाम, नर्सिंग, शाळेत असतानाची ट्रेनीशिप या चांगल्या वाटा आहेत, मुलाने निवडल्या तर. पण तिसऱ्या टर्मला फॉर्म येण्याआधी, म्हणजे दुसऱ्याच टर्ममध्ये, एईओ आणि घरच्यांबरोबर बसा. वरच्या पातळीचं गणित सोडलं तर कोणते अभ्यासक्रम हातचे जातात ते कागदावर लिहून दाखवा. विद्यापीठांत ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्रं आणि प्रवेशाचे वेगळे मार्ग आहेत. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं ‘नुरा गिली’ केंद्र शालेय विद्यार्थ्यांसाठी हिवाळी शिबिर भरवतं. त्याची तारीख शोधा, मुलासोबत अर्ज भरा, आणि त्याला एकट्याने जायला ‘शेम’ वाटत असेल तर एखाद्या चुलत भावंडाचाही अर्ज सोबत जाऊ द्या.